वजन उतरवणारी पेप्टाइड्स : फ्रीजमधल्या कुपीचे काय करावे?

वाचकाचे पत्र

मी ४३ वर्षांची असून कर्वेनगरला राहते. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. थायरॉइडची गोळी काही वर्षांपासून चालू आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.२ आला आहे आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर सांगितले आहे. डाएट, झुंबा, रोजची टेकडी, सगळे करून झाले. आता जिममधल्या ट्रेनरने ‘रेटा’ नावाच्या पेप्टाइडची १० मिलिग्रॅमची कुपी, त्यात घालायचे पाणी आणि सिरिंज असा संच आणून दिला आहे. आठवड्यातून एकदा वीस युनिट घ्यायचे, असे तो सांगतो. हे औषध नसून शरीरात नैसर्गिकरीत्या असणारे पेप्टाइड आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. माझ्या जाऊबाईंनी त्याच्याकडूनच घेऊन दोन महिन्यांत सहा किलो उतरवले. मळमळ होते, पण त्या चालवून घेतात. एका मैत्रिणीने इंजेक्शनऐवजी ऑनलाइन मिळणारी पेप्टाइड पावडर सुचवली आहे. चार महिन्यांनी भाचीचे लग्न आहे, तोवर दहा किलो तरी कमी व्हावेत अशी इच्छा आहे. कुपी सध्या फ्रीजमध्ये आहे. घेऊ का?

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. कुपी उघडण्याआधी तुम्ही विचारलेत, हे फार चांगले केलेत. ती घेऊ नका. मात्र याचा अर्थ वजन उतरवणारी इंजेक्शने तुमच्यासाठी नाहीतच, असा कृपा करून घेऊ नका. तुमचे आकडे पाहता याच कुळातले, रीतसर मान्यता मिळालेले एखादे औषध तुम्हाला उपयोगी पडण्याची चांगली शक्यता आहे, आणि म्हणूनच ते जिमच्या लॉकरमधून तुमच्या घरी येऊ नये, अशी माझी कळकळ आहे.

ट्रेनर म्हणतात त्यात एवढेच खरे आहे की जेवणानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, स्रवते. ते मेंदूला पोट भरल्याची वर्दी देते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि साखर वाढलेली असेल तर इन्सुलिन स्रवायला मदत करते. पण हे नैसर्गिक पेप्टाइड रक्तात दोन-तीन मिनिटांतच निकामी होते. सेमाग्लुटाइड हे औषध बनवताना त्याची रचना मुद्दाम अशी बदलली गेली की ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून आठवडाभर टिकावे. आठवडाभर शरीरात राहून भूक, पचन आणि साखर या तिन्हींवर काम करणारा पदार्थ हे औषधच असते. इन्सुलिनही पेप्टाइडच आहे आणि शरीरात नैसर्गिकरीत्या असते. तरी ते कोणी जिममध्ये युनिट सांगून वाटावे, असे तुम्हाला वाटणार नाही.

आता परिणामाविषयी. ज्या दोन औषधांवर भरपूर आणि नीट काम झाले आहे, ती म्हणजे सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जणांपैकी सेमाग्लुटाइडचा २.४ मिलिग्रॅमचा साप्ताहिक डोस घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. २०२२ साली टिर्झेपाटाइडची २,५३९ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ७२ आठवड्यांनंतर डोसनुसार सरासरी १५ ते २१ टक्के घट दिसली. तुमच्या वजनाच्या हिशोबात हे साधारण १२ ते १७ किलो होतात, पण त्यासाठी सव्वा वर्षाहून अधिक काळ लागतो आणि ही सरासरी आहे. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीत साधारण सातांपैकी एकाचे वजन पाच टक्केही उतरले नव्हते. तुमच्या दृष्टीने याहून मोलाचा मला आणखी एक आकडा वाटतो. मधुमेहपूर्व अवस्थेतल्या, म्हणजे तुमच्यासारख्याच, लठ्ठ व्यक्तींना १७६ आठवडे टिर्झेपाटाइड दिले तेव्हा त्यांच्यापैकी १.३ टक्के जणांना मधुमेह झाला. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण १३.३ टक्के होते. लग्नातल्या फोटोपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे.

तुमच्या फ्रीजमध्ये मात्र या दोहोंपैकी काहीच नाही. ‘रेटा’ म्हणजे रेटाट्रुटाइड. ते एकाच वेळी तीन प्रकारच्या संप्रेरक-ग्राहकांवर काम करते, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ३३८ जणांवरच्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर ४८ आठवड्यांत सरासरी २४ टक्के घट दिसल्यामुळे त्याचा एवढा बोलबाला झाला. त्याच चाचणीत हृदयाच्या ठोक्यांचा वेग वाढलेलाही नोंदवला गेला, ही दुसरी बाजू जिममध्ये सांगितली जात नाही. हा रेणू चाचण्यांच्या टप्प्यातला आहे. भारतात त्याला विक्रीची मान्यता नाही. त्यामुळे दुकानातून असो, ऑनलाइन असो वा ट्रेनरकडून असो, त्याच्या नावाने इथे विकली जाणारी प्रत्येक कुपी कंपनीच्या अधिकृत साखळीबाहेरची आहे.

ती कुपी हातात घेऊन लेबल बारकाईने वाचा. अशा कुप्यांवर बहुधा फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही, अशा अर्थाची बारीक अक्षरांतली ओळ असते. औषधाच्या कायद्यातून निसटण्यासाठी विकणाऱ्याने ती छापलेली असते, आणि उद्या काही झाले तर हीच ओळ तो तुमच्यापुढे धरील. आत तळाशी पांढरी चकती दिसेल. त्या चकतीत रेटाट्रुटाइड आहे, सेमाग्लुटाइड आहे की आणखी काही, लिहिले आहे तेवढेच आहे की कमी-जास्त, हे डोळ्यांनी कळायला मार्ग नाही. विकणारे कधी कधी शुद्धतेचे प्रमाणपत्र दाखवतात. ते खरे मानले तरी एखाद्या नमुन्यातल्या रेणूची शुद्धता एवढेच ते सांगते. तो नमुना तुमच्याच कुपीच्या बॅचचा होता का, भरताना कुपी निर्जंतुक होती का, जिवाणूंपासून येणारी आणि थंडीताप आणणारी विषद्रव्ये तिच्यात नाहीत ना, याबद्दल ते काहीच बोलत नाही. शिवाय हे पदार्थ नाजूक असतात. मान्यताप्राप्त इंजेक्शने वापरेपर्यंत २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. ही कुपी कोणत्या उन्हातून, कोणाच्या डिकीतून तुमच्यापर्यंत आली, हे ट्रेनरलाही माहीत नसेल.

आता ‘वीस युनिट’ या सांगण्याकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. युनिट हे इन्सुलिन मोजण्याचे माप आहे. कुपीतल्या पावडरीचे नव्हे. १० मिलिग्रॅम पावडरीत २ मिलिलिटर पाणी घातले आणि नारिंगी टोपणाच्या, म्हणजे १०० युनिटला १ मिलिलिटर असलेल्या सिरिंजने वीस युनिट ओढले, तर १ मिलिग्रॅम औषध येते. पण आपल्याकडे मेडिकलमध्ये लाल टोपणाची, ४० युनिटला १ मिलिलिटर असलेली सिरिंजही सर्रास मिळते. तिच्यातले वीस युनिट म्हणजे अर्धा मिलिलिटर, म्हणजेच २.५ मिलिग्रॅम. आणि पाणी चुकून २ ऐवजी १ मिलिलिटरच घातले गेले असेल तर तेच वीस युनिट ५ मिलिग्रॅम होतात. सूचना तीच, हात तोच, आणि डोस पाचपट. घरी मोजून घेण्याच्या अशाच गोंधळातून सेमाग्लुटाइडचे ५ ते २० पट डोस गेल्याचे आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली जाहीर केले आहे. एकदा टोचलेले हे औषध परत काढता येत नाही, त्याला उतारा नाही, आणि ते आठवडाभर शरीरात राहते. म्हणजे उलट्या सुरू झाल्या तर त्या संध्याकाळपर्यंत थांबतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

मैत्रिणीने सुचवलेल्या पावडरीसाठी फार वेळ घालवत नाही. पेप्टाइड हा शेवटी प्रथिनाचाच तुकडा. तो तोंडावाटे घेतला की जठरातील आम्ल आणि पाचक रस डाळीतल्या प्रथिनासारखाच त्याचेही तुकडे करतात. सेमाग्लुटाइडची रायबेल्सस ही गोळी निघाली तेव्हा तिच्यात शोषणाला मदत करणारा खास घटक घालावा लागला, ती रिकाम्या पोटी अर्धा कप पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास काही न खाण्याची अट आली, आणि एवढे करूनही त्यातला जेमतेम एक टक्का रक्तात पोहोचतो. तेव्हा डब्यातल्या पावडरीने, जिभेखालच्या थेंबांनी किंवा दंडावर चिकटवायच्या पट्टीने इंजेक्शनसारखे वजन उतरेल, ही आशा सोडून द्या. कोलॅजन पेप्टाइडची पावडर हा प्रथिनांचा महागडा प्रकार आहे, एवढेच. वाढीच्या संप्रेरकाचा तुकडा असलेले एओडी-९६०४ नावाचे इंजेक्शन ‘फॅट बर्नर’ म्हणून अजूनही फिरते, म्हणून त्याचाही उल्लेख करते. लठ्ठपणावर त्याच्या माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या, वजनात पुरेसा फरक पडला नाही, आणि २००७ साली ते काम थांबवण्यात आले.

मग तुम्ही काय करावे? फिजिशियन किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टची, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाची, वेळ घ्या. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सुमारे ३३ येतो. भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो. तुमची वाढलेली साखर आणि यकृतावरची चरबी धरता तुम्ही केवळ हौसेपोटी औषध मागायला जाताय, असे कोणीही म्हणू शकणार नाही. टेकडी आणि झुंबा करूनही वजन हलले नाही याची तुमच्या पत्रात जी खंत आहे, ती बाजूला ठेवा. उतरलेले वजन परत मिळवण्यासाठी शरीर भूक वाढवते, हा त्याचा स्वभाव आहे आणि इच्छाशक्तीच्या कमतरतेशी त्याचा संबंध नाही. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ पासून माउंजारो या नावाने, तर वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ पासून वेगोव्ही या नावाने भारतात अधिकृतपणे मिळू लागले, आणि सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्यामुळे भारतीय कंपन्यांची वाटही मोकळी झाली. त्यामुळे ‘खरे औषध परवडत नाही म्हणून ही कुपी’ हा युक्तिवाद दिवसेंदिवस लंगडा पडत जाणार आहे. औषध चिठ्ठीवर, ओळखीच्या मेडिकलमधून, बिल घेऊन आणि बॅच क्रमांक तपासूनच घ्या.

डॉक्टरांना काही गोष्टी त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगा. घराण्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधे दिली जात नाहीत. थायरॉइड कमी काम करते म्हणून रोज गोळी घेणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे, तिच्यामुळे औषध नाकारले जात नाही, फक्त वजन उतरल्यावर गोळीचा डोस पुन्हा तपासावा लागतो. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर तेही सांगा, कारण वजन झपाट्याने उतरताना खड्यांचा त्रास वाढतो. पाळी चालू असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि दर डोसवाढीनंतर चार आठवडे त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. पुढे कधी भूल देऊन शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनची कल्पना द्यायलाच हवी, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

डोस मुंगीच्या पावलांनी वाढवतात. टिर्झेपाटाइड २.५ मिलिग्रॅमवर चार आठवडे, मग ५, सेमाग्लुटाइड ०.२५ पासून सुरू होऊन २.४ पर्यंत जायलाच चार महिने जातात. पहिल्या महिन्याचा डोस शरीराला सवय लावण्यासाठी असतो, वजनासाठी नव्हे. म्हणून लग्नापर्यंत दहा किलो हे उद्दिष्ट मनातून काढा. चार-पाच किलो उतरले तर ते उत्तम समजावे. तारीख गाठण्यासाठी डोस घाईने चढवणारी माणसेच उलट्या, जुलाब आणि शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येणे या चक्रात सापडतात.

इथे मला एका पुणेरी संशोधनाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण औषधाच्या जाहिरातीत नसलेली महत्त्वाची गोष्ट त्यातून कळते. आपल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे जन्मतःच इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी असतात, पण त्यांच्यात चरबी फारशी कमी नसते, कमी असतात ते स्नायू, हेही त्यांच्या गटाने दाखवले. म्हणजे आपल्याकडे स्नायूंचे भांडवल मुळातच तुटपुंजे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ज्यांच्या शरीराची घडण मोजली गेली त्यांच्या उतरलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. काट्यावरचा आकडा उतरतो आणि जिना चढताना मांड्यांत जोर उरत नाही, अशी गत त्रेचाळिसाव्या वर्षी करून घेणे तुम्हाला परवडणारे नाही. टेकडी चालू ठेवाच, पण तिच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर भार पडेल असा व्यायाम हवा. खुर्चीतून हात न लावता उठबस, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्ट्या, हलकी वजने, यांपैकी जमेल ते करा. भूक मेली की मराठी घरातली बाई चहा-बिस्किटावर दिवस काढते, हे मी नेहमी पाहते. जे चार घास जातील त्यांत आधी मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठले, पनीर, चालत असतील तर अंडी घ्या, भात-पोळी नंतर.

उपवासांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार यांना दिवसभर पाण्यावाचून राहून रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी किंवा तळलेले वडे खाल्ले, तर मंदावलेल्या जठराला ते सोसत नाही आणि रात्र उलट्यांत जाते. उपवास सोडायची गरज नाही. पाणी, ताक, शहाळे चालू ठेवा, तळण टाळा आणि दूध, दही, राजगिरा यांवर भर द्या. घरात कोणी मधुमेहाचे ग्लिमेपिराइडसारखे औषध किंवा इन्सुलिन घेत असेल आणि तुमचे पाहून हे इंजेक्शन घ्यायचे ठरवत असेल, तर त्यांना साखर एकदम उतरण्याचा धोका आहे, हे जरूर सांगा.

आणखी एक गोष्ट सुरू करण्याआधीच ठरवायला हवी. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले, असे चाचणीत दिसले आहे. तेव्हा हा चार महिन्यांचा कोर्स नाही. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे दीर्घकाळ चालणारा उपचार आहे. किती दिवस, किती खर्चात आणि कोणत्या टप्प्याला फेरविचार करायचा, हे डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत बोला.

जाऊबाईंना हे पत्र वाचायला द्या. त्यांचे सहा किलो खरेच उतरले असतील, मी ते नाकारत नाही. पण कशाने उतरले हे कोणालाच माहीत नाही, आणि पुढची कुपी मागच्यासारखी असेलच याचा भरवसा नाही. त्यांनी पुढचे इंजेक्शन घेऊ नये आणि कुपी बरोबर नेऊन डॉक्टरांना दाखवावी. पोटाच्या वरच्या भागात दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा एका डोळ्याची नजर अचानक अंधुक झाली असेल, तर वेळ न घालवता, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर रुग्णाला स्वतः करता येते.

राहता राहिली तुमच्या फ्रीजमधली कुपी. ती ट्रेनरला परत देऊ नका, ती दुसऱ्या कोणाच्या तरी दंडात जाईल. कुपीचे आणि खोक्याचे सर्व बाजूंनी फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात तक्रार करा. लठ्ठपणावर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेही बंदी आहे, तेव्हा ट्रेनरने समूहावर पाठवलेली पत्रके असतील तर तीही जोडा. कार्यालयाने नमुना मागेपर्यंत कुपी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. जाऊबाईंकडच्या वापरलेल्या सुया मात्र ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तो कचरा हाताने वेगळा करतात. सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत झाकण घट्ट लावून भरा आणि जैविक कचरा गोळा करणाऱ्या जवळच्या रुग्णालयात विचारून तिथे द्या.